सातबारा कोणाच्या नावावर? : संस्थांच्या संकेतस्थळांची चिकित्सा

आपल्या चळवळीत कवितांची समीक्षा होते, आत्मकथनांची होते, पुढाऱ्यांच्या भाषणांचीही होते. परंतु चळवळीतून उभ्या राहिलेल्या संस्था आज संकेतस्थळे काढतात, त्यांवर पानेच्या पाने मजकूर लिहितात, माणसांची छायाचित्रे लावतात, आणि या मजकुराची चिकित्सा करावी असे मात्र कोणाला वाटत नाही. ते तांत्रिक काम आहे, संगणक जाणणाऱ्या एखाद्या मुलाकडून ते करून घ्यावयाचे आणि मोकळे व्हावयाचे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत भाबडी आहे आणि ती आपल्याला महागात पडते, असे माझे मत आहे.

संस्थेचे संकेतस्थळ हे संस्थेचे आत्मकथनच असते. आम्ही कोण, कोणासाठी उभे राहिलो, काय केले, हे ते जगाला सांगते. मग ते कोणासाठी लिहिले, कोणाच्या शब्दांत लिहिले आणि ज्या पाटीवर ते लिहिले त्या पाटीचा मालक कोण, हे प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत. दलित साहित्याने प्रस्थापित साहित्याला हेच प्रश्न विचारले होते. आता ते आपल्याच घरात विचारण्याची वेळ आली आहे. इतरांवर लिहिण्याआधी मी स्वतःपासून सुरुवात करतो. कारण अशा एका संकेतस्थळाचा मराठी मजकूर मी लिहिलेला आहे, आणि तो वाईट होता.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्याकडे गायरान जमिनीच्या प्रश्नावर काम करणारी एक छोटी संस्था आहे. गायरानाचा प्रश्न वाचकांना ठाऊक आहेच. गावकुसाबाहेरच्या माणसांनी पडीक सरकारी जमिनी फोडल्या, धोंडे वेचले, ज्वारी-तूर घेतली. शेतीसाठी केलेली १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे भूमिहीनांच्या नावे नियमित करण्याविषयीचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. निर्णय निघाला, पण पुरावा द्यावयाचा तो कसणाऱ्यानेच. गाव नमुना एक-ई मधली अतिक्रमणाची नोंद, दंड भरल्याची पावती, पंचनामा, असे कागद ज्याच्या ट्रंकेत असतील त्याचा दावा उभा राहतो. ज्याच्या झोपडीत पावसाचे पाणी शिरले, त्याचा दावा वाहून जातो. हे कागद गोळा करणे आणि त्यांच्या आधारे अर्ज करणे, हे संस्थेचे काम.

२०१६ साली संस्थेला एका दात्याकडून पैसे मिळाले. त्यात संकेतस्थळासाठी एक रक्कम होती, एकदाच मिळणारी. शहरातल्या एका तरुणाने दीड महिन्यात ते उभे केले. मजकूर इंग्रजीत आधीच तयार होता, कारण तो अनुदानाच्या अर्जातूनच उचललेला होता. मी त्याचे मराठी केले. 'बेनिफिशिअरी'चे 'लाभार्थी' केले, 'मार्जिनलाइज्ड'चे 'वंचित घटक' केले. मराठीचा प्राध्यापक असूनही मला त्यात काही खटकले नाही.

खटकले ते एका बाईंना. पहिल्याच पानावर त्यांचे छायाचित्र होते. दंडाच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या एकदा कार्यालयात आल्या, तेव्हा कोणीतरी कौतुकाने त्यांना संगणकावर ते दाखवले. त्यांनी मला विचारले, "सर, माझ्या फोटूखाली काय लिवलंय?"

मी वाचून दाखवले : 'वंचित भूमिहीन महिला लाभार्थी.'

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी कशाची भूमिहीन? तीस वरसं झाली, त्या रानातले धोंडे ह्या हातानं येचले. आन् लाभ कुणी दिला मला? तुमी दिला?"

"नाही, मावशी."

"मंग तसं कशाला लिवलं?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते देण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख.

'भूमिहीन' हा शब्द खोटा नाही. शासनाच्या कागदावर तो पात्रतेचा शब्द आहे, आणि अर्जात तो लिहावाच लागतो. परंतु अर्ज तहसीलदाराला उद्देशून असतो. छायाचित्राखालची ओळ त्या बाईंविषयी असते. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्या भूमिहीन, ही व्यवस्थेची नजर आहे. आणि त्या नजरेशीच तर त्यांचे भांडण आहे. आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलो असे सांगत होतो आणि लिहिताना मात्र तलाठ्याच्या खुर्चीत बसून लिहीत होतो.

त्यानंतर मी अशा संस्थांची बरीच संकेतस्थळे लक्षपूर्वक वाचली. बहुतेकांची वाक्यरचना एकाच साच्यातली निघाली. 'महिलांना प्रशिक्षण देण्यात आले.' 'मुलांना वह्यांचे वाटप करण्यात आले.' 'वस्तीमध्ये जाणीवजागृती करण्यात आली.' वर्गात मी प्रयोग आणि विभक्ती शिकवतो, म्हणून मला हे दिसावयास हवे होते. या वाक्यांत देणारा पडद्याआड आहे, आणि माणसे नेहमी 'ना' प्रत्यय लावून येतात : महिलांना, मुलांना, कुटुंबांना. 'महिलांनी' असे क्वचितच सापडते. 'महिलांनी तहसीलवर मोर्चा नेला आणि पंचनाम्याची नक्कल मिळवली' हे वाक्य कोणी लिहीत नाही, जरी घडलेले तेच असले तरी. घेण्यासाठी पुढे आलेला हात तेवढा लिहिला जातो. नांगर धरणारा, सही करणारा, दगड मारणाऱ्यासमोर उभा राहणारा हात लिहिला जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे या मजकुरातून जात गायब असते. 'वंचित', 'दुर्बल', 'तळागाळातील', 'उपेक्षित' हे शब्द असतात. कोणी वंचित केले? कशापासून? कोणत्या अधिकाराने? उत्तर नाही, जणू काही वंचित असणे हा हवामानाचा प्रकार आहे. कोणी म्हणेल, 'दलित' हा शब्दही व्याकरणाने त्याच जातीचा आहे; दळला गेलेला तो दलित. खरे आहे. परंतु तो शब्द आपल्या माणसांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारला, १९७२ साली पँथरने तो आपल्या नावात घेतला, आणि जो कर्म होता तो कर्ता झाला. 'लाभार्थी' हा शब्द कोणत्याही वस्तीने स्वतःसाठी घेतलेला नाही. तो वरून लावलेला बिल्ला आहे.

येथे कार्यकर्ते मित्र म्हणतील, सर, तुम्हाला पगार आहे. आम्हाला दात्याच्या भाषेत बोलल्याशिवाय कार्यालयाचे भाडे भरता येत नाही. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. संस्था हवेवर चालत नाहीत. शिवाय हिशेब जाहीर करणे हे नुसते दात्याचे नव्हे तर कायद्याचेही बंधन असू शकते : २०१० च्या विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली परकीय देणगी घेणाऱ्या संस्थेला तपासलेले हिशेब जनतेसमोर ठेवावे लागतात. ते ठेवावेतच. दात्यासाठी इंग्रजी पाने हवीत, तीही असावीत. माझे म्हणणे एवढेच आहे की, दात्यासाठी लिहिलेले पान हेच सगळे संकेतस्थळ होऊन बसते, आणि ज्याच्यासाठी संस्था आहे त्याने उघडावे असे एकही पान त्यात उरत नाही. आमच्या संकेतस्थळावर हसणाऱ्या मुलांची छायाचित्रे होती; १९९१ चा शासन निर्णय कोणाला वाचता येईल अशा रूपात नव्हता. तो होता, पण चित्र म्हणून, तोही आडवा. आमची माहितीपुस्तिका जुन्या श्रीलिपीत जुळवलेली होती आणि तिचेही चित्रच करून लावलेले होते. चित्रातली अक्षरे शोधणाऱ्या यंत्राला सहसा नीट सापडत नाहीत, दृष्टिहीन माणसाच्या वाचन-यंत्राला बहुधा वाचता येत नाहीत, आणि कमी नेटच्या गावात ती मोबाइलवर उघडतही नाहीत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. म्हणजे शासन निर्णय आणि तो सगळ्यांना वाचता येईल असे लिहिण्याची सोय या एकाच वर्षीच्या; आम्ही पंचवीस वर्षांनीही त्या दोन्हींची गाठ घालून दिली नव्हती.

छायाचित्रांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. देणगीच्या आवाहनाला चेहरा लागतो. मग अत्याचारग्रस्त कुटुंबाचा चेहरा लागतो, गावाचे नाव लागते, मुलीचे वय लागते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ पीडित आणि साक्षीदार बालकांची ओळख जाहीर करण्यास मनाई करते. पण कायद्याच्याही आधीची साधी गोष्ट अशी की, ज्या गावात तिने फिर्याद दिली त्याच गावात तिला संध्याकाळी परत जावयाचे असते, आणि ज्यांच्याविरुद्ध फिर्याद दिली त्यांच्याही हातात मोबाइल असतो. दात्याला दिसावे म्हणून लावलेले छायाचित्र पाटलाच्या वाड्यावरही दिसते.

आता मालकीकडे येतो. संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते कोणी कायमचे विकत घेत नाही. ते वर्षाच्या किंवा काही वर्षांच्या कराराने भाड्याने मिळते, आणि ज्याच्या नावाने व ज्याच्या ईमेलवर ते नोंदवले, त्यालाच ते सोडवण्याच्या सूचना येतात. मुदत टळली की काही आठवडे सवलत असते. नंतर ते नाव बाजारात मोकळे होते. अशी मोकळी झालेली नावे टिपणारे व्यापारी असतात, कारण जुन्या नावावर जुनी माणसे येत राहतात.

आमचे नाव त्या तरुणाच्या ईमेलवर नोंदवलेले होते. तो मुलगा वाईट नव्हता. त्याने काम चोख केले होते. पुढे त्याला दूर नोकरी लागली, नंबर बदलला. कार्यकारिणीत कोणी त्याला कधी विचारले नाही की, नाव कोणाच्या नावावर घातले आहेस? २०१९ मध्ये अनुदान संपले. सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या असतील. संकेतस्थळ बंद पडले, आणि आम्हाला ते कळलेही नाही, कारण आमच्यापैकी कोणी ते उघडतच नव्हते. आपल्याच संकेतस्थळाचे आपण वाचक नव्हतो, याहून कठोर समीक्षा दुसरी कोणती?

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा गावोगाव निघाल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी नोटीस आली. उत्तर देण्याची मुदत चालू होती. त्याने संस्थेचे संकेतस्थळ मोबाइलवर उघडले, तर तेथे जुगाराच्या जाहिराती होत्या. खरे तर त्या वेळी तेथे दोन कागद असावयास हवे होते : एक तो १९९१ चा निर्णय, आणि दुसरा, सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्यातला निकाल. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवावीत असे सांगणारा हाच तो निकाल. पण भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय अधिसूचनेने जमीन दिलेली असेल, तर ती बाब अपवाद ठरू शकते, हेही त्याच निकालात आहे. निकालाचा पहिला भाग प्रत्येक तहसीलदाराला पाठ असतो. दुसरा भाग सांगण्यासाठी आम्ही होतो, आणि आमच्या पत्त्यावर रमीचा डाव मांडलेला होता.

ज्या संस्थेचे सगळे आयुष्य माणसांची नावे सातबाऱ्यावर लावण्यात गेले, तिच्या स्वतःच्या नावाचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर होता. आम्ही कसत होतो. नोंद दुसऱ्याची होती.

आपल्या परंपरेला हा धडा नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने ते सुरू झाले आणि १९२३ मध्ये बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' आले. बाबासाहेबांना त्याचे रकानेच्या रकाने एकट्याने भरावे लागत, आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही थांबले. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाले, आणि ते १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' होईपर्यंत चालले. पत्र काढणे आणि पत्र चालवणे यांतला फरक बाबासाहेबांनी पुरेपूर सोसला होता. दुसऱ्याच्या छापखान्यावर आपला आवाज अवलंबून राहू नये म्हणून स्वतःच्या छापखान्यासाठी त्यांनी केलेली धडपड सर्वांना ठाऊक आहे. आपण बाबासाहेबांचे छायाचित्र संकेतस्थळाच्या माथ्यावर लावतो. छापखान्याचा मुद्दा मात्र विसरतो.

आणि हा प्रश्न एका तालुक्यापुरता नाही. जगभरच्या सेवाभावी संस्था आपल्या नावापुढे ज्या 'डॉट ऑर्ग'ची अक्षरे लावतात, त्या सगळ्या नोंदवहीचीच विक्री होऊ घातली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती ११३.५ कोटी डॉलरना एका खाजगी भांडवली कंपनीला विकण्याचा करार जाहीर झाला. त्या नोंदवहीत एक कोटीच्या आसपास नावे होती. जगभरच्या संस्थांनी विरोध केला, आणि ३० एप्रिल २०२० रोजी नावांचा कारभार पाहणाऱ्या 'आयकॅन'ने या व्यवहाराला संमती नाकारली. म्हणजे या जगात आपण सगळे कुळेच आहोत. मालक होणे आपल्या हाती नसेल. पण कुळाची नोंद तरी स्वतःच्या नावाने असली पाहिजे, खंडाची पावती तरी स्वतःच्या हातात असली पाहिजे.

२०२३ मध्ये आम्ही पुन्हा सुरुवात केली. जुना मजकूर हरवला असे वाटत होते. परंतु इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याच्या काही प्रती सापडल्या. नवे नाव कार्यकारिणीचा ठराव करून संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर घेतले. त्याचे भाडे वर्षाला हजार-दीड हजार रुपये आहे. ते अनुदानातून न भरता सभासदांच्या वर्गणीतून भरतो, म्हणजे अनुदान गेले तरी पत्ता जात नाही. नूतनीकरणाची तारीख ठरावाच्या वहीत पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली आहे. पासवर्ड दोघांजवळ, आणि एक पाकीट कपाटात. सगळ्या पानांची प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर उतरवली जाते. कामासाठी फुकट मिळणारे वर्डप्रेस घेतले. आणि त्याची डागडुजी वेळच्या वेळी केली नाही तर त्यातून चोर शिरतो, हे शिकून घेतले. बी.ए. झालेल्या दोन मुली हे सगळे पाहतात. त्यांना महिन्याला थोडे मानधन दिले जाते. ते थोडे आहे, याची मला लाज वाटते. पण ते दिले जाते, कारण झाडलोट हे फुकट करून घेण्याचे काम आहे ही मनूची शिकवण आहे, आपली नव्हे.

पहिले पान मराठीत आहे. त्यावर शासन निर्णय आहे, अक्षरांत टंकलेला. कोणता कागद कोठे मिळतो ते आहे. नोटिशीला उत्तर कसे लिहावे त्याचा नमुना आहे. दात्यांसाठीची पाने आत आहेत. 'लाभार्थी' हा शब्द काढून टाकला. सगळे सुधारले असे मात्र नाही. अहवाल लिहिताना माझी लेखणी अजून 'करण्यात आले'कडे घसरते, आणि इंग्रजी पानांवर जुना साचा बराचसा तसाच आहे.

मावशींना विचारले, तुमचे छायाचित्र काढून टाकू का? त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पर खाली मी सांगते ते लिवा." आज त्या छायाचित्राखाली एकच वाक्य आहे : 'मी हे रान १९८६ पासून कसते.' कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे आपापल्या जागी. माझ्या तीन पानी भाषांतरात जे नव्हते ते या एका वाक्यात आहे : दावा.

सातबाऱ्यावर त्यांचे नाव अजून लागलेले नाही. संकेतस्थळ ते लावू शकत नाही. ते काम मोर्चाचे, न्यायालयाचे आणि संघटनेचे आहे. परंतु त्यांचा दावा त्यांच्याच शब्दांत मांडलेला राहील, आणि नोटीस आली त्या रात्री त्यांच्या नातवाला हवा तो कागद सापडेल, एवढे तरी आपण करू शकतो. म्हणून वाचक मित्रांना एवढेच सांगणे आहे : आपल्या संस्थेच्या पुढच्या बैठकीत संकेतस्थळ किती देखणे झाले हे विचारू नका. नाव कोणाच्या नावावर आहे, ते विचारा. मग आपल्याच कामाचे पहिले पान मोठ्याने वाचा, आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले आहे त्यांच्यापैकी एकाला तरी समोर बसवून वाचा.